गड उतरायचा कोणत्या वाटेने?

वाचकहो, महाशिवरात्रीला हरिश्चंद्रगडावर दर्शनाला गेलेले आपल्यापैकी पुष्कळजण असतील. हल्ली तर शिकायला शहरात राहिलेली आपली मुलेही सुट्टीत मित्रांना घेऊन गडावर जातात. चढायची वाट सगळे विचारून घेतात. उतरायची वाट मात्र कोणी विचारीत नाही. आल्या वाटेने परत जायचे, त्यात काय विचारायचे, असे वाटते. मलाही तसेच वाटले होते.

१९९७ सालचा सप्टेंबर होता. आम्ही तिघे मित्र भाड्याची जीप करून खिरेश्वरला गेलो आणि टोलार खिंडीतून गडावर चढलो. चालकाला सांगितले, "संध्याकाळी सहापर्यंत येतो." देवळात दर्शन झाले, कोकणकड्यावर बसून भाकरी खाल्ली, गप्पा रंगल्या. निघायलाच अडीच वाजले. पठारावर आलो तोच धुके उतरले. पाच हातांवरचे माणूस दिसेना. त्या पठारावर एकासारख्या एक टेकड्या आहेत, त्यामुळे माहीतगारही धुक्यात चकतो. तासभर चालल्यावर पायवाट गवतात नाहीशी झाली आणि कानावर पाण्याचा आवाज आला.

माझ्या अंगात तेव्हा पदवीचा ताठा होता. मी म्हटले, "पाणी नेहमी खाली गावाकडेच जाते. ओढा धरू." मृदसंधारण शिकलेल्या माणसाचे हे ज्ञान! ओढ्यात उतरलो. वाटेत दीड पुरुष उंचीची एक पायरी लागली. तिच्यावरून एकमेकांना धरून घसरत खाली आलो. शंभरेक पावलांवर ओढा संपला. म्हणजे पाणी पुढे जात होते, पण खाली नुसते पांढरे धुके होते. दगड टाकला, तर आवाज यायला वेळ लागला. मागे वळलो तेव्हा कळले, की ज्या ओल्या पायरीवरून घसरलो तिच्यावर परत चढता येत नाही.

हे असे का होते, ते आपल्या जमिनीकडे पाहिले की समजते. सह्याद्री हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला आहे. विहीर खणताना आपल्याला कधी मऊ मांजऱ्या लागतो, कधी सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण लागतो, तसाच हा डोंगर आहे. मऊ थर झिजतो, कठीण थर उभा राहतो. म्हणून इथला ओढा उताराने न जाता पायऱ्या-पायऱ्यांनी जातो, आणि त्यातली एखादी पायरी शंभर-दोनशे फुटांची असते. वरून ती दिसत नाही. उतार पुढे गोल वळलेला असतो आणि थेट पायथ्याचे शेतच दिसते, म्हणून गाव जवळ वाटते.

म्हणून वाट चुकल्यास ओढ्यात उतरू नये. शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे जावे, मग कितीही चढ लागो. नुसती पायवाट दिसली म्हणूनही हुरळून जाऊ नये. गुरांच्या वाटा चाऱ्यापर्यंत जातात आणि तिथेच विरतात. रोजच्या वहिवाटीच्या वाटेवर दगड पावलांनी गुळगुळीत झालेले असतात, कारवी कोयत्याने छाटलेली असते, अवघड जागी कोणी दगडावर दगड रचलेला असतो. आणि जिथून परत वर चढता येणार नाही, तिथून खाली घसरू नये. आमचे चुकले ते इथेच.

आम्ही ओरडत राहिलो. पाचच्या सुमारास वरून एका गुराख्याने ओ दिली. डोक्यावर घोंगडीची खोळ, हातात कासरा. त्याने कासऱ्याचे टोक झाडाच्या बुंध्याला बांधून खाली सोडले आणि एकेकाला वर घेतले. माझे पाण्याचे शास्त्र ऐकून तो म्हणाला, "सायेब, पानी गावाला जातंय खरं, पर उडी मारून जातंय. तुमाला जमंल का?"

आम्ही धुक्यात गोल फिरून देवळाच्या जवळपासच आलो होतो. खरा निर्णय तेव्हा करायचा होता. जीप खिरेश्वरला, चालक तिथे, आमचे कोरडे कपडे तिथे. पण त्या बाजूला तेच पठार पुन्हा ओलांडायचे, आणि पुढे खिंडीवरचा खडकाचा टप्पा पावसात फार निसरडा. (आता तिथे आधाराला लोखंडी रेलिंग आहे.) उत्तरेला पाचनईची वाट जवळची आणि सगळ्यांत सोपी. पश्चिमेला बेलपाड्याकडे उतरणारी नळीची वाट आहे, पण ती दोर आणि माहीतगार यांच्याशिवाय कोणी धरू नये. पावसाळ्यात तर मुळीच नाही. एक मित्र जीपसाठी हटून बसला. गुराखी म्हणाला, "गाडी काय पळून जाती का?" आम्ही त्याच्यामागे पाचनईची वाट धरली. चढताना दम लागतो तरी पाय शाबूत असतात; उतरताना गुडघे थरथरतात, आणि दमलेला पाय ओल्या दगडावर हमखास निसटतो. सांजावता उतरायची वाट लांबीवर निवडू नये, गाडी कुठे आहे यावर तर नाहीच. सोपी कोणती, तेवढेच पाहावे.

रात्री आठला पाचनईत पोचलो. एका घरी नागलीची भाकरी आणि आमटी मिळाली, चुलीपुढे कपडे वाळवले. तेव्हा मोबाईल नव्हते. गड मध्ये असल्यामुळे रस्त्याने खिरेश्वरला जायला मोठा वळसा पडतो. एसटी बदलत बदलत तिथे पोचायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली.

चालक जीपपाशी झोपला होता. आम्ही आलो नाही म्हणून रात्री त्याने गावात सांगितले होते, आणि खिरेश्वरची सहा माणसे कंदील घेऊन पावसात टोलार खिंडीपर्यंत आम्हाला शोधून आली होती. मी चहापाण्याचे पैसे पुढे केले. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने ते घेतले नाहीत. त्याने एवढेच विचारले, "पाचनईनं उतरायचं झालं तर काय, ते गाडीवाल्याला आधी का नाही सांगितलंत?"