वल्हांडणाची बेखमीर भाकर : तिची निवड व पारख

पवित्र सप्ताहात गुरुवारच्या संध्याकाळी वल्हांडणाच्या भोजनाची ओळख मंडळीला करून देण्याची चाल अलीकडे पुष्कळ ठिकाणी रूढ होत आहे. त्या प्रसंगी मेजावर ठेवण्यासाठी बेखमीर भाकर कोठून आणावी आणि आणलेली भाकर चांगली आहे हे कशावरून ओळखावे, हा प्रश्न पाळकांपुढे व प्रचारकांपुढे उभा राहतो. तो केवळ स्वयंपाकघरातील प्रश्न आहे असे समजून आपण तो बहुधा भगिनीमंडळावर सोपवून मोकळे होतो. परंतु भाकरीच्या निवडीमागे शास्त्रार्थ आहे, व तो चुकला तर उपदेशही चुकतो.

प्रथम शब्दाचाच विचार करू. हैदराबादच्या बरकतपुऱ्यात राहणाऱ्या मराठी माणसाला ‘खमीर’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही; खमिरी रोटी त्याच्या शहरातली नेहमीची वस्तू आहे. ‘बेखमीर’ हा शब्द त्याला चटकन कळतो. अडचण ‘भाकर’ या शब्दाची आहे. मराठवाड्यातून आलेल्या घरांत भाकर म्हणजे ज्वारीची किंवा बाजरीची, आणि तिच्यात खमीर कधीच नसते. तेव्हा श्रोता सहज विचारतो की आमची रोजची भाकर बेखमीरच आहे, मग इस्राएल लोकांनी सात दिवस विशेष ते काय केले?

याचे उत्तर मिष्नाच्या ‘पसाहीम’ या भागात आहे. वल्हांडणाचे कर्तव्य गहू, सातू व त्यांच्या जातीची मिळून पाच धान्ये यांच्याच भाकरीने पुरे होते. त्याचे कारण तालमूदमध्ये दिले आहे : जे धान्य आंबून फुगू शकते, त्याचीच बेखमीर भाकर होऊ शकते. तांदूळ भिजवून ठेवला तर तो नासतो. पण गव्हाच्या अर्थाने तो आंबत नाही, असे शास्त्र्यांचे मत होते. याच नियमाने आपली ज्वारीची भाकरही ‘मत्सा’ ठरत नाही. जेथे आंबण्याचा संभवच नाही, तेथे न आंबू देण्यात राखण कसली? निर्गम १२:१७ मध्ये बेखमीर भाकरीच्या संबंधाने जे इब्री क्रियापद आले आहे त्याचा मूळ अर्थ ‘राखणे, पहारा करणे’ असाच आहे. त्या वचनातील ‘मत्सोथ’ हा शब्द व आज्ञा या अर्थाचा ‘मित्स्वोथ’ हा शब्द इब्रीत एकाच अक्षरांनी लिहितात. त्यावरून प्राचीन यहूदी गुरूंनी असा बोध काढला की पीठ जसे रेंगाळू देत नाहीत तसे आज्ञापालनही रेंगाळू देऊ नये.

हा आंबटपणाचा संबंध महाराष्ट्रातील बेने इस्राएल समाजाने फार जुन्या काळापासून जपला. कोकणात अलिबाग, पेण, रेवदंडा या भागांत तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे व शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ‘शनिवार तेली’ वल्हांडणाला ‘अनाशी ढाकायचा सण’ म्हणत. ‘अनास’ म्हणजे आंबट कालवणाचे भांडे. ते या दिवसांत झाकून ठेवीत. या समाजाचे इतिहासकार हाईम सामुएल केहीमकर यांनी या जुन्या सणांची नावे नोंदवून ठेवली आहेत. इब्रीतील ‘हामेत्स’ या शब्दाच्या मुळाशी आंबट असा अर्थ आहे, हे लक्षात घेता ‘खमीर’ या फारशी वळणाच्या शब्दापेक्षा ‘आंबवण’ हाच आपला शब्द अधिक जवळचा वाटतो. पुढे १८४६ मध्ये मुंबईस व १८७४ मध्ये पुण्यास मराठी भाषांतरासह ‘हगादा’ छापली गेली. पुण्याच्या प्रतीत देशी पोशाखातील स्त्रिया मत्सा तयार करीत असल्याचे चित्र आहे. वल्हांडणाची भाकर मराठी घरात कशी दिसली असेल हे ज्यांना दाखवावयाचे आहे त्यांना याहून चांगले चित्र मिळणे कठीण.

आता भाकरीच्या घडणीकडे वळू. गव्हाला दळण्याआधीपासून पाणी लागता कामा नये. गहू धुऊन, वाळवून मग गिरणीत देण्याची आपल्या घरांची रीत एरवी चांगली. पण येथे ती दोषास्पद होते. मोठ्या गिरण्यांतही दळणापूर्वी धान्य ओलावतात, म्हणून दुकानातील मैदा या कामी सोवळ्या लोकांना चालत नाही. कापणीपासूनच ज्या गव्हाची राखण केली त्याच्या भाकरीला ‘शेमुरा’ म्हणतात व सणाच्या पहिल्या रात्रीसाठी ती सर्वांत उत्तम मानतात. पाणी आदल्या संध्याकाळी भरून रात्रभर निवत ठेवलेले असावे, कारण उष्णतेने पीठ लवकर आंबते. निसानची पौर्णिमा आपल्या चैत्राच्या सुमारास येते; दख्खनच्या त्या उन्हाळ्यात या नियमाचे मर्म सांगावयास नको. मीठ घालीत नाहीत. पिठाला पाणी लागल्यापासून भाकर भाजून निघेपर्यंतचे काम १८ मिनिटांच्या आत उरकतात. एक ‘मील’ अंतर चालण्यास लागणाऱ्या वेळावरून हा हिशेब बसविलेला आहे.

तयार भाकर हाती आल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. ती दुमडलेली नसावी, कारण घडीच्या आत आच पोचत नाही. तिच्यात मोठा फुगा येऊन दोन पापुद्रे सुटलेले नसावेत. बारीक फोड चालतात. आणि मोडल्यावर कच्च्या पिठाचे तंतू निघू नयेत. ही शेवटची कसोटी तालमूदइतकी जुनी आहे. मेजासाठी अखंड भाकरी वेगळ्या काढून ठेवाव्यात. डबाबंद मत्सा विकत घेताना ती वल्हांडणासाठी योग्य असल्याचा स्पष्ट उल्लेख वेष्टनावर आहे की नाही हे वाचावे. वर्षभर खाण्यासाठी केलेली मत्सा निराळी असते व तसे तिच्यावर लिहिलेले असते. अंडी किंवा फळांचा रस घालून केलेली भाकर चवीला रुचकर असली तरी पहिल्या रात्री चालत नाही. अनुवाद १६:३ मध्ये सांगितलेली भाकर दैन्याची आहे, मेजवानीची नव्हे. भाताच्या बाबतीत मात्र एकमत नाही. बेने इस्राएल लोक या दिवसांत भात खातात, तर मध्य व पूर्व युरोपातील यहूदी तो वर्ज्य मानतात.

येथे उपदेशकांसाठी एक सूचना करणे भाग आहे. मत्सेवरील भोके म्हणजे प्रभूचे घाय व तिच्यावरील पट्टे म्हणजे फटक्यांचे वळ, असे निरूपण आपल्याकडे वारंवार ऐकू येते. भोके पाडतात ती वाफ निघून जावी व भाकर फुगू नये म्हणून. एकसारख्या सरळ ओळींचे श्रेय तर यंत्राच्या दातेरी रुळाला आहे, आणि मत्सा लाटण्याचे पहिले यंत्र १८३८ मध्ये फ्रान्सच्या आल्सास प्रांतात निघाले. प्रभूने हाती घेऊन मोडलेली भाकर बहुधा मऊ, आपल्या पोळीसारखी होती. येमेनच्या यहूद्यांत तशी मऊ मत्सा करण्याची परंपरा आहे. ज्या गोष्टीला शास्त्रात आधार आहे ती सांगण्यासारखी पुष्कळ असताना, कारखान्यातील रुळावर सिद्धांत उभारण्याचे प्रयोजन दिसत नाही. १ करिंथ ५:६-८ मध्ये पौल ज्या जुन्या खमिराविषयी लिहितो त्याचा अर्थ घराघरांतून आंबवण शोधून बाहेर काढण्याच्या चालीवरून अधिक चांगला उलगडतो.

प्रभुभोजनाची भाकर हा वेगळा विषय आहे. पहिल्या तीन शुभवर्तमानांत ते भोजन वल्हांडणाचे आहे, तर योहानाच्या कालक्रमानुसार वल्हांडण दुसऱ्या दिवशी येतो. भाकर मोडल्याच्या वृत्तांतात ग्रीक लेखकांनी साधा ‘आर्तोस’ हा शब्द वापरला आहे. पूर्वेकडील मंडळ्या खमिराची भाकर वापरतात, रोमन मंडळी बेखमीर. अकराव्या शतकात यावरून कडाक्याचा वाद झाला. आपल्या मंडळीची जी रीत असेल ती मत्सेच्या नियमांनी बदलण्याचे कारण नाही.

ज्या गावी मत्सा मिळत नाही तेथे चक्कीवर कोरड्या दळलेल्या गव्हाच्या पिठाची, निवलेल्या पाण्यात मळलेली व लगेच तव्यावर टाकलेली पोळी समजावून सांगण्यासाठी दाखविण्यास हरकत नाही. तिला बेखमीर भाकर म्हणावे, मत्सा म्हणू नये. मुंबई, पुणे किंवा अलिबागकडील कोणी यहूदी पाहुणा त्या प्रसंगी हजर असेल, तर ती त्याच्यापुढे सणाचे अन्न म्हणून ठेवू नये; वल्हांडणाच्या दिवसांत तो काय खातो व काय खात नाही हे आधी त्यालाच विचारावे.