अंगातला खिळा

मुलांनो, शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी गोळी तुम्हाला माहीत आहेच. पहिली ते पाचवीला गुलाबी, सहावीपासून पुढे निळी. ती लोहाची गोळी. आमच्या शाळेच्या कुंपणापाशी कितीदा तरी गुलाबी गोळ्या पडलेल्या सापडतात! विचारलं की, "सर, मळमळतं," "सर, संडासला काळं होतं." होतं खरं. पण अंगात न मुरलेलं लोह बाहेर पडतं, त्याचा तो रंग. रिकाम्या पोटी गोळी घेतली की मळमळतं, म्हणून ती खिचडी खाल्ल्यावर घ्यायची.

मोठ्या माणसाच्या अंगात लोह असतं अवघं ३-४ ग्रॅम, एका खिळ्याएवढं! पण त्याच्याविना रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. आणि आपला मेंदू पक्का खादाड. वजनाने शरीराच्या पन्नासाव्या भागाएवढा, पण प्राणवायूचा पाचवा हिस्सा एकटाच फस्त करतो. शिवाय मेंदूतल्या पेशी ज्यातून एकमेकींना निरोप धाडतात, ते डोपामिन नावाचं रसायन बनवायलाही लोह लागतं. ते कमी पडलं की लक्ष लागत नाही, पाढे डोक्यात राहत नाहीत. आपण मात्र त्या मुलाला आळशी म्हणून मोकळे होतो. (मीही म्हटलंय, एकदा नव्हे.) २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभरातल्या जवळजवळ ६९ बालकांना रक्तक्षय निघाला.

जस्त आणि तांबंही मेंदूला लागतं, अगदी कणभर. शिसं मात्र कशालाच लागत नाही, उलट मुलांची बुद्धी मंदावतं. आणि गंमत नव्हे, धोका असा, की अंगात लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त ओढून घेतं! रिकाम्या घरात चोर शिरावा तसं.

पालकांनो, आपला हिंगोली जिल्हा हळदीचा, म्हणून हे सांगतो. बांगलादेशात हळकुंडं पिवळीजर्द दिसावीत म्हणून पॉलिश करताना लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा रंग, लावायचे. २०१९ मध्ये तिथल्या बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडलं. सरकारने तपासण्या केल्या, दंड ठोकले, लोकांना समजावलं. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात ते सापडलं नाही! नीट शिजवून वाळवलेली हळद ढोलात घासली की आपसूक पिवळी दिसते. वरून रंग कशाला?

घरी पालेभाजी लोखंडी कढईत करा, वर लिंबू पिळा, म्हणजे लोह चांगलं मुरतं. जेवणाबरोबर चहा नको, तो लोह अडवतो. गोळीही पाण्याबरोबरच घ्यायची, चहाबरोबर नाही.