पावातले मांस : त्यांची नावे, आपली नावे

आपल्या समाजातील मुले-मुली आता उच्च शिक्षणासाठी परदेशी जाऊ लागली आहेत. तिकडे दुपारच्या डब्यात पुष्कळदा पाव आणि त्यात घातलेल्या मांसाच्या पातळ चकत्या असतात. दुकानातील त्यांची नावे वाचून नवखा माणूस गोंधळतो. म्हणून ही थोडी ओळख आम्ही करून देत आहोत.

अशा थंडच खायच्या चकत्यांना अमेरिकेत ‘लंच मीट’, ‘डेली मीट’ किंवा ‘कोल्ड कट्स’ म्हणतात. हॅम म्हणजे डुकराच्या मागच्या पायाचे खारवलेले मांस. सलामी म्हणजे बारीक केलेले मांस मीठ-मसाला घालून, आतड्यात भरून वाळवलेले. तिचे नाव इटालियन भाषेतील मिठाच्या शब्दावरून पडले. इटलीतील बोलोन्या शहराच्या नावावरून अमेरिकेतली ‘बलोनी’ आली. कॉर्न्ड बीफमध्ये मका नसतो. येथे ‘कॉर्न’ म्हणजे जाड्या मिठाचे खडे. पास्त्रामी हे गुरांच्या छातीचे खारवून धुरावलेले मांस. रोमानियातून आलेल्या ज्यू निर्वासितांनी ते न्यूयॉर्कला, म्हणजे बाबासाहेबांच्या कोलंबिया विद्यापीठाच्या शहरात, रुजवले.

‘हेड चीज’ या नावात चीज आहे, पदार्थात नाही. डुकराचे मुंडके शिजवून त्याचे मांस त्याच्याच रसात गोठवतात आणि चकत्या करतात. जर्मनीतील ‘ब्लुटवुर्स्ट’ तर रक्ताचेच. हे सारे मुळात काटकसरीचे अन्न. जनावर कापले, तर त्यातले काही वाया जाऊ द्यायचे नाही, एवढाच त्यामागचा विचार.

आता आपल्या घराकडे पाहू. मुंडी, वजडी, रक्ती, उन्हात वाळवलेल्या चान्या ही आपल्या आया-आज्यांच्या तोंडची नावे. काटकसर तीच, कसबही तेच. पण त्यांच्या नावांना काचेचे कपाट मिळाले आणि आपल्या नावांच्या वाट्याला हेटाळणी आली. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील आपल्या चुलीची नोंद केली, हे म्हणूनच मोठे काम आहे.

येथे एक भेद मात्र विसरू नये. चान्या पुष्कळदा मेलेल्या ढोराच्याच असत. १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडण्यास सांगितले, ते स्वाभिमानासाठी. ढोरे ओढण्याची सक्ती आणि त्यातून पदरी पडणारे अन्न गेले, ते योग्यच झाले. पण ज्या आजीने त्याच अन्नावर लेकरे जगवली, तिची लाज बाळगा, असा त्याचा अर्थ होत नाही. लाज वाटायची तर ती सक्ती लादणाऱ्यांना वाटावी.

आणखी एक सावधगिरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. तेव्हा प्रतिष्ठेचे म्हणून मुलांच्या डब्यात सलामी-हॅम रोज देऊ नये. ताजे मटण, अंडी, मासळी, डाळी केव्हाही बऱ्या.

घरात आजी असेल तर तिला जुन्या पदार्थांची नावे आणि कृती विचारा, वहीत उतरवून ठेवा. परदेशी गेलेल्या मुलाला पास्त्रामी माहीत असावी, तशी रक्तीही माहीत असावी. आणि दोन्ही नावे त्याने सारख्याच आवाजात घ्यावीत.