तुमच्या गोष्टीतल्या माणसाला मन आहे का?



‘एका गावात राजू नावाचा मुलगा राहत होता. तो खूप हुशार, प्रामाणिक आणि कष्टाळू होता. त्याची आई प्रेमळ होती. शेजारचा बंडू मात्र आळशी आणि खोडकर होता.’

ओळखीची वाटते ना ही सुरुवात? शाळेच्या हस्तलिखितासाठी गोष्टी गोळा केल्या, की निम्म्या तरी अशाच निघतात. पुढे राजूला रस्त्यात पैशांचं पाकीट सापडतं, तो ते परत करतो, त्याला शाबासकी मिळते आणि गोष्ट संपते. अक्षर छान, शुद्धलेखन नीट, तात्पर्यही चांगलं. पण वही मिटली की राजू काही आठवत नाही. असं का बरं होतं?

कारण आपण राजूला नुसत्या चिठ्ठ्या चिकटवल्या. हुशार, प्रामाणिक, कष्टाळू! वाण्याच्या दुकानात डब्यांवर नावं लिहिलेली असतात ना, तशा. डब्यात काय आहे ते मात्र उघडून पाहिलंच नाही.

आता भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आठवा. फुरसुंगीचा बनेश फेणे! किडकिडीत अंगकाठी, सायकलवरची स्वारी आणि जिभेनं काढलेला तो ‘ट्टॉक’ आवाज. तो नुसता शूर आहे असं सांगून भागवत थांबले असते, तर तो इतक्या मुलांचा दोस्त झाला असता का?

किंवा ‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यातली आई प्रेमळ आहे, हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला हीच आई मारते. मुलाला कोणी भित्रा म्हणू नये असं तिला वाटतं, आणि त्याला मारल्याचं दुःखही तिलाच होतं. एकाच वेळी राग आणि माया! म्हणून ती आपल्याला खरी वाटते.

मग असं माणूस आपल्या गोष्टीत कसं आणायचं? गाणं शिकताना आधी सारेगम घोटतात, खो-खोत आधी खांबाला वळायचा सराव करतात. लिहिण्याचंही तसंच आहे, बरं का! गोष्ट लिहिण्याआधी करायचे पाच सराव सांगते. एक जुनी वही घ्या. ही वही तपासायला द्यायची नाही, त्यामुळे खाडाखोड झाली तरी चालेल.

उदाहरणासाठी आपण एक मुलगी तयार करू. नाव सुमी, इयत्ता सातवी. खो-खोत एकदम पटाईत. सध्या आपल्याला एवढंच माहीत आहे.

सराव पहिला : दप्तर उघडा

सुमीच्या दप्तरात काय काय आहे, त्याच्या दहा वस्तू लिहा. पुस्तकं, वह्या, कंपासपेटी हे तर सगळ्यांकडे असतं. ते झालं की नेट लावून पुढच्या वस्तू शोधा. अर्धी तुटलेली पट्टी, दोऱ्यानं शिवलेला पट्टा, रुमालात बांधलेल्या चिंचा, मागच्या वर्षीच्या स्पर्धेचं घडी घालून मऊ पडलेलं प्रमाणपत्र. दहावी वस्तू मात्र अशी हवी, की जी सुमी कुणालाच दाखवत नाही.

पहिल्या चार-पाच वस्तू कुणालाही सुचतात. सुमी भेटते ती सातव्या-आठव्या वस्तूपासून. म्हणून मध्येच थांबायचं नाही हं!

सराव दुसरा : हवंय काय आणि भीती कशाची?

दोनच वाक्यं पुरी करा. ‘सुमीला हवंय की...’ आणि ‘पण तिला भीती वाटते की...’

समजा, सुमीला तालुक्याच्या स्पर्धेत खेळायचंय. पण तिचे बूट फाटलेत. नवे मागितले तर घरी आई गप्प होईल, आणि बाबा ‘बघू’ म्हणतील, याची तिला भीती वाटते. आईच्या गप्प होण्याची भीती तिला पडण्या-लागण्याच्या भीतीपेक्षा मोठी आहे.

बघा, गोष्ट आपोआप सुरू झाली की नाही! हवं असणं एकीकडे ओढतं आणि भीती दुसरीकडे. या ओढाताणीत माणूस काय करतो, त्यावरून ते कसं आहे हे कळतं. सुमी काय करेल? ती बाईंना सांगते, ‘माझा पाय मुरगळलाय, मी खेळत नाही.’ म्हणजे आपली नायिका चक्क खोटं बोलली! पण तुम्हांला तिचा राग आला का? नाही ना? कारण ते खोटं कुठून आलं, हे तुम्हांला ठाऊक आहे.

सराव तिसरा : भावनेचं नाव घ्यायचं नाही

हा सराव थोडा अवघड, पण गमतीचा आहे. ‘तिला वाईट वाटलं’, ‘त्याला राग आला’, ‘ती आनंदित झाली’ ही वाक्यं आजपुरती बंद! तरीही वाचणाऱ्याला सगळं कळलं पाहिजे.

मग कसं लिहायचं? हातांकडे बघा. आई चिडलेली असली, की ती काही बोलत नाही, पण भांडी नेहमीपेक्षा जोरात आपटतात. बाबा काळजीत असले, की वर्तमानपत्राचं तेच पान बराच वेळ समोर धरतात. आता आपली सुमी. मैदानावर इतर मुलींचा सराव चाललाय. सुमी कट्ट्यावर बसून सगळ्यांच्या चपला सांभाळतेय. ती चपलांच्या जोड्या लावते. मग त्या मोडते. पुन्हा लावते. एकदा ‘खो’ ऐकू येतो आणि ती नकळत उभी राहते. मग इकडे-तिकडे बघून हळूच खाली बसते.

‘सुमीला फार वाईट वाटत होतं’ यापेक्षा हे जास्त पोचतं की नाही, तुम्हीच सांगा.

वर्गात हा सराव घेतला, तेव्हा एका मुलानं आजीबद्दल लिहिलं. आधी त्याच्या वहीत ‘माझी आजी प्रेमळ आहे, ती मला गोष्टी सांगते’ असं होतं. नंतर त्यानं लिहिलं, ‘आजोबा गेल्यापासून आजी सकाळी चहाचे दोन कप काढते आणि एक परत ठेवते.’ वर्ग एकदम शांत झाला. त्या मुलानं रोज पाहिलं होतं ते, फक्त लिहिलं नव्हतं.

सराव चौथा : एकाच माणसाला बोलू द्या

आपल्या मराठीत एक फार छान लेखनप्रकार आहे, नाट्यछटा. ‘दिवाकर’ या नावानं लिहिणारे शंकर काशीनाथ गर्गे (१८८९–१९३१) यांनी तो मराठीत रुजवला. ते स्वतः शिक्षक होते. नाट्यछटेत एकच माणूस बोलतो. समोरच्याचं बोलणं लिहायचंच नसतं, ते याच्या उत्तरांवरून आपण ओळखायचं. आणि बोलणाऱ्याला जे लपवायचं असतं, नेमकं तेच त्याच्या बोलण्यातून बाहेर पडतं!

सुमी बाईंशी बोलतेय, असं समजू या :

‘पाय ना? हो बाई, दुखतोय. खूप दुखतोय... कोणता? हा. म्हणजे, हा डावा... सकाळी उजवा म्हणाले होते? नाही, सकाळी उजवा थोडा दुखत होता... घरी? नाही, घरी नाही सांगितलं. आईला नका ना सांगू बाई! तिला उगाच... नाही, काही नाही. सुजला नाहीये, आतून दुखतोय.’

वाचताना आधी हसू आलं असेल आणि शेवटी कुठंतरी खुपलंही असेल. एवढ्या ओळींत सुमीनं एकदाही बुटांचं नाव काढलं नाही. लिहून झालं की नाट्यछटा मोठ्यानं म्हणून बघा. जिथं जीभ अडखळेल, तिथं वाक्य बदला. तुमचं पात्र सोलापूरकडचं असेल, कोकणातलं असेल, नागपूरचं असेल, तर त्याला त्याच्या बोलीत बोलू द्या. प्रकाश नारायण संतांचा लंपन (पुस्तकाचं नाव ‘वनवास’, १९९४) आठवतो, तो त्याच्या ‘मॅड’ या शब्दासकट! आई-वडिलांपासून दूर आजी-आजोबांकडे राहणारा हा मुलगा त्याच्या अशा खास बोलण्यातूनच आपल्या जवळ येतो.

सराव पाचवा : न आवडणाऱ्याची रोजनिशी

गोष्टीत एक तरी ‘वाईट’ माणूस असतो. आपल्या गोष्टीत शकू आहे. ती मुलींना सांगते, ‘सुमीला काही झालं नाही, नाटक करतेय.’ आता शकू होऊन एक दिवसाची रोजनिशी लिहा. ‘मी’ म्हणूनच लिहायचं. अट एकच, शकूला स्वतःचं वागणं बरोबरच वाटलं पाहिजे. कुणीही रोजनिशीत ‘आज मी दुष्टपणा केला’ असं लिहीत नाही!

कदाचित शकू लिहील, ‘मी तीन वर्षं राखीव म्हणून बसतेय. सुमीला जागा मिळाली आणि ती खेळत नाही म्हणते. मला मिळाली असती, तर मी ताप असता तरी खेळले असते.’ झालं! शकू एकदम चांगली झाली का? नाही. तिनं सुमीला टोचून बोलायला नको होतं, हे आहेच. पण आता ती नुसती खोडसाळ मुलगी राहिली नाही.

हा सराव वहीपुरता नाही, मित्रांनो. ज्याच्याशी आपलं पटत नाही, त्याच्या जागी पाच मिनिटं बसून पाहिलं, की भांडण मिटतंच असं नाही. पण त्याच्याशी उद्या कसं बोलायचं, हे थोडं कळतं. माझ्या वर्गात अशी रोजनिशी लिहून झाल्यावर एका मुलीनं विचारलं, ‘बाई, त्यानंही माझी रोजनिशी लिहिली तर?’ प्रश्न किती चांगला आहे, बघा!

आता गोष्ट लिहा

पाचही सराव झाले, की वही दोन दिवस बाजूला ठेवा. मग गोष्ट लिहायला घ्या. सरावात लिहिलेलं सगळं गोष्टीत आलंच पाहिजे, असं नाही. दहातल्या दोनच वस्तू आल्या तरी पुरे. उरलेल्या आठ तुम्हांला माहीत आहेत, त्यामुळे तुमचा हात चुकत नाही.

शेवटी सुमीला कुणी श्रीमंत काकांनी बूट आणून दिले, असं लिहू नका हं! तिची अडचण तिनंच सोडवायला हवी. ती बाईंना खरं सांगेल? अनवाणी खेळेल? शकूकडे जाईल? तुमची सुमी काय करेल, हे फक्त तुम्हीच सांगू शकता.

आणखी एक. ओळखीच्या माणसावरून पात्र करायला हरकत नाही, पण त्याचं खरं नाव, घर, व्यंग जसंच्या तसं लिहून कुणाला हसू करायचं नाही. दोन-तीन माणसं मिसळून एक करा. पु. ल. देशपांड्यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’तला लग्नघरी राबणारा नारायण आठवून बघा. त्याच्या धावपळीला आपण हसतो, पण त्याला हिणवत नाही. हसवणं आणि हिणवणं यात फरक आहे.

थोडं पालकांशी

मुलाची ही वही त्याला विचारल्याशिवाय उघडू नका. त्यानं आपणहून दाखवली, तर पहिल्यांदा ऱ्हस्व-दीर्घाकडे बोट नको. ‘ही सुमी पुढे काय करते रे?’ असं विचारा. गोष्टीतली आई रागीट निघाली, तर ‘मी अशी आहे का?’ असं म्हणून मुलाला जाब विचारू नका. लिहिणारं मूल अनेकदा स्वतःच्या मनातलं पात्राच्या तोंडी घालतं. त्याला तोंडानं सांगता येत नाही, ते तिथं सांगता येतं. एखादी गोष्ट वाचून काळजी वाटली, कुणी मुलाला त्रास देत असावं असं वाटलं, तर न रागावता, निवांत वेळ काढून त्याच्याशी बोला. आणि तुम्हांला लहानपणी कशाची भीती वाटायची, हे कधीतरी त्याला सांगा. त्याच्या गोष्टींना याहून चांगलं खाद्य नाही.

तर दोस्तांनो, या रविवारी पहिला सराव करायचा. माणूस तुम्ही निवडा. दूधवाले काका, बसमधली शेजारीण, वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारा मुलगा, कुणीही चालेल. दहा वस्तू लिहा. आणि त्या दहाव्या वस्तूपाशी पोचलात, की लगेच पुढे जाऊ नका. ती त्यानं का लपवली असेल, याचा जरा विचार करा. तुमची गोष्ट तिथंच सुरू होईल.