पाच ओळींची चिठ्ठी

मैत्रिणींनो, तुमच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये 'डाउनलोड्स' नावाची एक खोली असते, ती तुम्ही शेवटची कधी उघडून पाहिलीत? मी गेल्या दिवाळीपर्यंत पाहिलीच नव्हती. माळा झाला, कोठी झाली, पितळेची भांडी लख्ख झाली आणि नेमके तेव्हाच ह्यांनी विचारले, "फ्रिजची पावती कुठाय गं? मेलवर आली होती ना?" बसले शोधायला. फोल्डर उघडला तर खाली आकडा होता १,८४६! अगबाई, एवढ्या फायली मी आणल्या कधी?

विजेची बिले होती, मुलाच्या गुणपत्रिका होत्या, सोसायटीच्या सभांची इतिवृत्ते, कुणाकुणाच्या मुंजीचे फोटो, एक अनारशांची कृती. एकच विम्याचा कागद सहा वेळा उतरवलेला, कारण दर वेळी तो सापडला नाही म्हणून पुन्हा उतरवला! आपण काही सांगितले नाही तर ब्राउझर सगळे याच एका खोलीत आणून टाकतो. त्या नावाची फाइल आधीच तिथे असेल, तर नव्या फाइलच्या नावापुढे कंसात एक, दोन असे आकडे घालतो. कंसातल्या या आकड्यांकडे तेव्हा माझे लक्षही गेले नाही. पुढे ते चांगलेच लक्षात राहिले.

पुण्याहून भाची फराळाला आली होती. मी एकेक फाइल उचलून दुसरीकडे ठेवते आहे हे पाहून हसायलाच लागली. "मावशी, अशी नवीन वर्ष येईपर्यंत बसशील. एक चिठ्ठी लिहून ठेव, कॉम्प्युटर आपला आपण लावेल." चिठ्ठी म्हणजे तिच्या भाषेत 'स्क्रिप्ट'. शेजारणीकडे किल्ली ठेवताना आपण कागदावर लिहितो ना, दूध फ्रिजमध्ये ठेवा, पेपर टेबलावर ठेवा, तसेच हे. फरक इतकाच, की शेजारीण थोडे डोके वापरते. कॉम्प्युटर लिहिले तेवढेच करतो.

फायली कशावरून ओळखायच्या, तर आडनावावरून. प्रत्येक फाइलच्या नावात शेवटी एक टिंब असते आणि टिंबानंतरची अक्षरे म्हणजे तिचे आडनाव. पीडीएफ म्हणजे बहुधा कागदपत्र, जेपीजी म्हणजे फोटो, एक्सएलएसएक्स म्हणजे हिशेबाचा तक्ता. पण विंडोजमध्ये ही आडनावे मुळात लपवलेली असतात. फोल्डरच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण केली की दिसू लागतात. ही खूण प्रत्येकीने आजच करावी असे मी म्हणेन, मग फायली लावा किंवा लावू नका. कारण 'बिल डॉट पीडीएफ' म्हणून दिसणाऱ्या फाइलचे खरे आडनाव कधी कधी ईएक्सई असते. तो कागद नसून उघडल्यावर चालू होणारा प्रोग्राम असतो. मोबाइलवर लग्नपत्रिका म्हणून एपीके आडनावाची फाइल धाडून लोकांना लुबाडण्याचे प्रकार २०२४ मध्ये गाजले, ते याच जातीचे.

तर ती चिठ्ठी. नोटपॅड उघडून भाचीने मला पाच ओळी सांगितल्या, लिहिल्या मीच. पहिल्या ओळीत सीडी हा हुकूम, म्हणजे 'अमुक खोलीत जाऊन उभा राहा'. दुसरीत एमडी, म्हणजे 'कपाटे नसतील तर करून घे', आणि पुढे तीन कपाटांची नावे. ती इंग्रजी अक्षरांतच ठेवा. देवनागरी नावांवर ही चिठ्ठी अडखळते. पुढच्या तीन ओळी मूव्हच्या. मूव्ह, मग चांदणी, टिंब, पीडीएफ आणि शेवटी कपाटाचे नाव. चांदणी म्हणजे 'नाव काहीही असो'. ज्यांचे आडनाव पीडीएफ ते सगळे या कपाटात, झाले! फाइल साठवताना नावाला बॅट हे आडनाव द्यायचे आणि खालच्या चौकटीत 'ऑल फाइल्स' निवडायचे. मी ते विसरले, तेव्हा नोटपॅडने मुकाट्याने मागे टीएक्सटी जोडून टाकले आणि चिठ्ठी काही चालेना. अर्धा तास त्यात गेला.

पहिल्या ओळीला मात्र जपायला हवे. खोलीचा पत्ता चुकला तर सीडी नुसती तक्रार करते आणि पुढच्या ओळी चालूच राहतात. कॉम्प्युटर त्या वेळी ज्या खोलीत उभा असेल तिथलीच आवराआवर करतो! म्हणून भाचीने आधी एका रिकाम्या फोल्डरमध्ये दहा-बारा फायलींच्या नकला ठेवून चिठ्ठी चालवून पाहिली. नंतर खऱ्या जागी दोनदा टिचकी मारली आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सगळे आपापल्या कपाटात. फ्रिजची पावतीही सापडली. मी इतकी खूश झाले, की कॉम्प्युटर सुरू होताच चिठ्ठी रोज आपोआप चालेल अशी सोय तिच्याकडून करून घेतली. 'स्टार्टअप' नावाच्या फोल्डरमध्ये चिठ्ठीचा शॉर्टकट ठेवला की ती होते.

आणि इथेच घोटाळा झाला.

सासूबाईंना मधुमेह आहे. दर तीन महिन्यांनी रक्त तपासतो. एका तपासणी केंद्राकडून रिपोर्टची लिंक मोबाइलवर येते, ती मी कॉम्प्युटरवर उघडून उतरवून घेते. प्रत्येक रिपोर्टचे नाव तेच, 'रिपोर्ट डॉट पीडीएफ'. जूनमध्ये त्यांचे क्रिएटिनिन १.९ आले. डॉक्टर गंभीर झाले. एप्रिलपासून गुडघ्यांसाठी त्या वेदनाशामक गोळ्या घेत होत्या, आणि अशा काही गोळ्या मूत्रपिंडांना बाधतात. "गोळ्या सुरू होण्याआधी किती होतं? मार्चचा रिपोर्ट दाखवा." मी म्हटले, "आहे ना, घरी अगदी नीट लावून ठेवलाय." घरी येऊन कपाट उघडले, तर त्यात एकच 'रिपोर्ट डॉट पीडीएफ', तोही जूनचा! मार्चचा नाही, डिसेंबरचाही नाही. कचऱ्याच्या टोपलीत पाहिले, तिथेही नाही. केंद्राची जुनी लिंक केव्हाच बंद झाली होती. मला तर रडूच फुटायचे बाकी राहिले.

रात्री भाचीला फोन लावला. ती क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, "मावशी, चूक माझी आहे." झाले होते असे. फायली सगळ्या एकाच खोलीत होत्या तोवर ब्राउझर नव्या रिपोर्टला कंसातला आकडा देत होता. आम्ही आवराआवर सुरू केली आणि डाउनलोड्सची खोली रिकामी राहू लागली. जुना रिपोर्ट कपाटात गेलेला, मग ब्राउझरला कळणार कसे? त्याने नव्यालाही तेच नाव दिले. चिठ्ठीने तो कपाटात नेला आणि त्याच नावाच्या जुन्यावर ठेवला, म्हणजे जुना पुसूनच टाकला. मूव्ह हा हुकूम आपण हाताने टाइप केला तर 'त्या नावाची फाइल आहे, पुसू का?' असे विचारतो. तोच चिठ्ठीत लिहिला, की मुळीच विचारत नाही. आणि अशी पुसलेली फाइल कचऱ्याच्या टोपलीतून जात नाही. माझ्या पसाऱ्यात जे सुखरूप होते, ते शिस्तीने घालवले!

वाचवले ते सासूबाईंनीच. त्या दर वेळी "काय आलं गं?" असे विचारतात आणि मी सांगेन ते आकडे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाच्या खाड्यांशेजारी पेन्सिलीने लिहून ठेवतात. मी त्यांना यावरून हसतही असे. मार्चचे पान उलटले, तर तिथे होते 'क्रि. १.१'. डॉक्टरांनी गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या. ऑगस्टच्या तपासणीत आकडा १.३ वर आला, तेव्हा कुठे माझ्या घशाखाली घास नीट उतरू लागला.

आता चिठ्ठी नव्याने लिहिली आहे. सोपा उपाय असा, की मूव्हपुढे तिरकी रेघ, वजाचे चिन्ह आणि वाय एवढे लिहायचे. मग चिठ्ठीतही तो पुसण्याआधी विचारतो. पण विचारायला समोर कुणी बसलेले हवे. रोज आपोआप चालायचे असेल तर ते उपयोगाचे नाही. म्हणून भाचीने पायथनमध्ये तिसेक ओळी लिहून दिल्या. पायथन ही फुकट मिळणारी संगणकभाषा, मात्र ती वेगळी उतरवून घ्यावी लागते. खिदो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी अ‍ॅमस्टरडॅममध्ये १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत ती रचायला घेतली आणि १९९१ मध्ये लोकांना दिली. नाव अजगरावरून नाही हं, 'माँटी पायथन' या विनोदी मंडळींवरून!

ही नवी चिठ्ठी आधी फाइलचे वय पाहते. दिवसभराच्या आतली असेल तर तिला हात लावत नाही, कारण आत्ता उतरवलेला कागद आपण आत्ता तिथेच शोधणार. सीआरडाउनलोड आडनावाची फाइल, म्हणजे अजून पुरती न उतरलेली, तीही सोडून देते. मग कपाटात त्याच नावाचे कुणी आहे का ते बघते आणि असेल तर नव्याच्या नावाला तारीख नि वेळ जोडते. ज्यांचे आडनाव तिच्या यादीत नाही, ते सगळे एका वेगळ्या फोल्डरमध्ये जातात. तो मी शनिवारी उघडून पाहते. शिवाय कोणती फाइल कुठे नेली हे एका साध्या वहीवजा फाइलमध्ये ओळीने लिहून ठेवते. विंडोजच्या 'टास्क शेड्युलर'ला रात्री नऊची वेळ देऊन ठेवली आहे.

एवढे असूनही सासूबाईंचे रिपोर्ट मात्र मी तिच्यावर सोडत नाही. उतरवल्याबरोबर स्वतः नाव बदलते, आधी वर्ष, मग महिना, मग 'रक्त'. म्हणजे ते आपसूक क्रमाने लागतात. पेनड्राइव्हवर नक्कल ठेवते. आणि दिनदर्शिकेजवळची पेन्सिल हल्ली मीच टोक करून ठेवते.