पंतप्रधानांना प्रश्न विचारायचा तरी कसा?

(या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना दोनदा-तीनदा आलेली वाक्यं काढली आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)



ब्रिटनच्या संसदेतली एखादी क्लिप महिन्या-दोन महिन्यांनी मला कुणीतरी पाठवतंच. हिरवे बाक, खच्चून भरलेलं सभागृह, समोरासमोर उभे असलेले पंतप्रधान आणि विरोधी पक्षनेता, आणि मागून शाळेतल्या ऑफ पिरियडसारखा गोंगाट. खाली ठरलेला प्रश्न: "आपल्याकडे हे का होत नाही?"

याचं उत्तर बहुतेक जण आपापल्या पक्षाप्रमाणे देतात. अमुक पंतप्रधान घाबरतात, तमुक पंतप्रधान बोलतच नव्हते, वगैरे. माणसाच्या स्वभावाचा भाग असतोच, नाही असं नाही. पण मला वाटतं, खरी गोम नियमांत आहे. प्रश्न कुणाला विचारता येतो, किती दिवस आधी द्यावा लागतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उत्तर आल्यावर पुढचा प्रश्न विचारता येतो का. आज या तिसऱ्या गोष्टीवर जरा जास्त बोलणार आहे. त्याला आपल्या विधिमंडळाच्या भाषेत उपप्रश्न म्हणतात.

आधी ब्रिटन. तिथेही हे पहिल्यापासून असं नव्हतं. १८८१ साली पंतप्रधान ग्लॅडस्टन सत्तरी ओलांडलेले होते. त्यांना सभागृहात थोडं उशिरा येता यावं म्हणून त्यांचे प्रश्न यादीत शेवटी टाकायची पद्धत पडली. म्हाताऱ्या माणसासाठी केलेली सोय. पण पुढे झालं असं, की यादी लांबायची आणि पंतप्रधानांच्या प्रश्नांपर्यंत पोचायच्या आत वेळ संपायची. शेवटी १९६१ मध्ये, मॅकमिलन पंतप्रधान असताना, मंगळवारी आणि गुरुवारी पंधरा-पंधरा मिनिटं फक्त पंतप्रधानांसाठी राखून ठेवली. १९९७ मध्ये टोनी ब्लेअर आले आणि त्यांनी दोन दिवसांचं एकच केलं, बुधवारी अर्धा तास. आता ते बुधवारी दुपारी बारा वाजता असतं. दहा वर्षं हे केलेल्या ब्लेअर यांनी आत्मचरित्रात लिहिलंय, की पंतप्रधान म्हणून सगळ्यात धास्ती वाटायची ती या अर्ध्या तासाची.

आता गंमत बघा. ब्रिटनच्या पंतप्रधानाकडे गृह, आरोग्य, शिक्षण असं खातं नसतं. त्याला रुग्णालयांबद्दल प्रश्न टाकला तर तो सरळ आरोग्यमंत्र्यांकडे वर्ग होऊ शकतो. मग खासदारांनी काय केलं? असा प्रश्न शोधला, जो जगात दुसऱ्या कुणाकडे वर्ग करताच येणार नाही: "पंतप्रधानांनी आजचे आपले कार्यक्रम सांगावेत." झालं! पंतप्रधानाची डायरी आरोग्यमंत्री कसा सांगणार? पंतप्रधान उठतात, सकाळी सहकाऱ्यांबरोबर बैठका झाल्या, आणखी होतील, असं एक ठोकळेबाज वाक्य म्हणतात. त्यानंतर तो खासदार उपप्रश्न विचारतो आणि तो कशावरही असू शकतो. त्याच्या गावातला बंद पडलेला दवाखाना, युद्ध, वीजबिल, काहीही. १९७०च्या दशकात ही युक्ती रुळली आणि आज सगळं सत्र तिच्यावरच चालतं. छापील प्रश्न नावापुरता, खरा प्रश्न म्हणजे उपप्रश्न.

बाकीचं थोडक्यात सांगतो. सोडत काढून पंधरा खासदारांची नावं निघतात. ज्यांचं नाव निघत नाही ते प्रत्येक उत्तरानंतर उठून उभे राहतात, स्पीकरची नजर पडावी म्हणून. विरोधी पक्षनेत्याला सोडत नाही, त्याला सहा प्रश्न. त्यानंतरच्या मोठ्या विरोधी पक्षाच्या नेत्याला दोन. पंतप्रधानाकडे जाडजूड फाइल असते, कार्यालयाने अंदाज बांधलेले असतात, पण विरोधकांचा नेमका प्रश्न कानावर पडतो तो सभागृहातच.

हे सगळं नाटक आहे का? बऱ्याच अंशी, हो. स्वतःच्या पक्षाचे खासदार "पंतप्रधान माझ्याशी सहमत होतील का, की आमच्या सरकारने फार छान काम केलंय" अशा थाटाचे प्रश्न विचारतात. टाळ्यांची वाक्यं घरून पाठ करून आणलेली असतात. नवीन माहिती फार कमी बाहेर येते. ब्रिटिश लोकही याला वैतागलेले आहेत. २००२ पासून तिथले पंतप्रधान संसदेच्या वेगवेगळ्या समित्यांच्या अध्यक्षांसमोरही बसतात. ते शांतपणे, तासन्‌तास चालतं, त्यातून जास्त कळतं, आणि त्याची क्लिप मला आजवर कुणीही पाठवलेली नाही.

पण नाटक म्हणून सोडून द्यावं, तर डिसेंबर २०२१ आठवतो. कोविडच्या निर्बंधांत पंतप्रधान निवासात पार्ट्या झाल्याची बातमी आली. १ डिसेंबरला, बुधवारीच, विरोधी पक्षनेते कीर स्टार्मर यांनी त्यावर विचारलं आणि बोरिस जॉन्सन यांनी उत्तर दिलं, की सगळे नियम पाळले गेले होते. पुढच्या बुधवारी पुन्हा तेच, आपल्याला तशी खात्री देण्यात आली आहे म्हणाले. दोन-चार वाक्यांची उत्तरं. पण ती सभागृहात दिलेली, शब्दन्‌शब्द नोंदलेली. एप्रिल २०२२ मध्ये पोलिसांनी खुद्द जॉन्सन यांना दंड केला. मग संसदेच्या हक्क समितीने ती उत्तरं समोर ठेवून चौकशी केली. समितीत बहुमत त्यांच्याच पक्षाच्या सदस्यांचं होतं. जून २०२३ मध्ये निष्कर्ष आला, की त्यांनी सभागृहाची दिशाभूल केली. अहवाल जाहीर होण्याआधीच जॉन्सन यांनी खासदारकी सोडली होती. सभागृहाने तो अहवाल ३५४ विरुद्ध ७ मतांनी स्वीकारला.

पार्ट्यांबद्दल ते पत्रकार परिषदेत बोलले असते तर राजकीय नुकसान झालं असतं, पण ही चौकशी लागली नसती. सभागृहातलं उत्तर वेगळं असतं, ते असं.

आता आपल्याकडे या.

लोकसभेत अकरा ते बारा प्रश्नोत्तराचा तास. खासदार किमान पंधरा दिवस आधी प्रश्न देतो. सोडतीतून रोज वीस प्रश्न तारांकित म्हणून लागतात, म्हणजे ज्यांचं उत्तर मंत्री तोंडी देतो आणि ज्यांवर उपप्रश्न विचारता येतात. ही यादी हिरव्या कागदावर छापतात. आणखी २३० पर्यंत अतारांकित, त्यांची यादी पांढऱ्या कागदावर. त्यांना लेखी उत्तर येतं आणि विषय तिथेच संपतो. तारांकित वीस असले तरी तासाभरात त्यातले मोजकेच होतात.

खाती वारांप्रमाणे वाटलेली असतात. पंतप्रधानांकडच्या खात्यांचा वार लोकसभेत बुधवार, राज्यसभेत गुरुवार. म्हणजे वार ठरलेला आहे! पण विचारायचं फक्त पंतप्रधानांकडे असलेल्या खात्यांबद्दल. आज ती आहेत कार्मिक, अणुऊर्जा, अवकाश अशी. महागाईचा प्रश्न पंतप्रधानांच्या नावे टाकलात तर तो अर्थ किंवा ग्राहक व्यवहार मंत्रालयाकडे जाणार. आणि अणुऊर्जेचा टाकलात, तर उत्तर द्यायला साधारणपणे राज्यमंत्री उभे राहतात. "आजचे कार्यक्रम सांगा" ही ब्रिटिश पळवाट आपल्याकडे कधी रुजलीच नाही.

मग नेहरू एवढी उत्तरं कशी द्यायचे? त्यांचा स्वभाव होता, हे खरंच. पण आणखी एक साधं कारण आहे. १९४७ ते १९६४ परराष्ट्र खातं त्यांच्याचकडे होतं. त्यामुळे चीन, तिबेट, काश्मीर, गोवा, सगळे प्रश्न नियमानेच त्यांच्या पुढ्यात येऊन पडायचे. १९५९च्या ऑगस्टअखेर सीमेवरच्या चकमकींबद्दल खासदारांनी प्रश्नांची सरबत्ती केली, तेव्हा लडाखमधून चीनने रस्ता काढल्याचं नेहरूंना सभागृहात सांगावं लागलं. पुढच्याच महिन्यात सरकारने चीनबरोबरचा पत्रव्यवहार श्वेतपत्रिका म्हणून छापला. सरकारला ही गोष्ट आधीपासून ठाऊक होती. देशाला कळली ती प्रश्न विचारल्यावर.

मुंद्रा प्रकरण तर मुंबईकरांना माहीत असायलाच हवं. नव्याने स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंद्रा या उद्योगपतीच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर घेतले होते. १९५७च्या सप्टेंबरमध्ये त्यावर लोकसभेत प्रश्न आला, गुळमुळीत उत्तर मिळालं. खासदारांनी विषय सोडला नाही. डिसेंबरमध्ये फिरोज गांधी उभे राहिले, स्वतः काँग्रेसचे आणि वर पंतप्रधानांचे जावई, आणि त्यांनी व्यवहाराची चिरफाड केली. सरकारला चौकशी नेमावी लागली. ती केली मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती चागला यांनी, मुंबईत, खुल्या सुनावणीत. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. सुरुवात कुठून? एका प्रश्नापासून.

एक गोष्ट मात्र आपल्याकडची खास आहे आणि तिचं श्रेय एका मराठी माणसाकडे जातं. ग. वा. मावळणकर लोकसभेचे पहिले अध्यक्ष. त्यांच्या काळात, १९५३ मध्ये, सरकारी आश्वासन समिती सुरू झाली. मंत्री "माहिती गोळा करत आहोत" किंवा "विचार करू" म्हणाला, की ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं आणि तीन महिन्यांत पुरं करणं अपेक्षित असतं. नाही झालं तर समिती पाठपुरावा करते. मुदतवाढी भरपूर मागितल्या जातात, पण वही तरी ठेवली जाते.

आता जी गोष्ट माझ्या मनातून जात नाही ती. सप्टेंबर २०२०. कोविडमुळे पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच ठेवला नाही. लेखी उत्तरं चालू होती. १४ सप्टेंबरला एका लेखी उत्तरात कामगार मंत्रालयाने सांगितलं, की टाळेबंदीत घरी जाताना किती स्थलांतरित मजूर मेले याची आकडेवारी ठेवलेली नाही. औरंगाबादजवळ रुळावर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले, ते त्याच वर्षी मे महिन्यात. मुंबईहून नाशिकच्या रस्त्याने चालत निघालेली माणसं आपण डोळ्यांनी पाहिली होती.

हेच उत्तर तोंडी असतं, तर कुठलाही खासदार पटकन उठला असता: आकडेवारी नाही, मग राज्यांकडून मागवली का? मागवणार का? कधीपर्यंत? मंत्र्याला हो किंवा नाही म्हणावं लागलं असतं, आणि "मागवू" म्हणाला असता तर ते आश्वासन समितीच्या वहीत गेलं असतं. कागदावरच्या उत्तराला पुढचा प्रश्न विचारता येत नाही. त्याच वर्षी एप्रिलपासून ब्रिटनमध्ये खासदार घरून व्हिडिओवर पंतप्रधानांना प्रश्न विचारत होते. तंत्र आपल्याकडेही होतंच की.

म्हणून "ब्रिटनसारखं करा" असं मी म्हणणार नाही. तो गोंगाट आपल्याकडे पुरेसा आहे. पण बुधवार ठरलेलाच आहे, तर त्या दिवशी अर्धा तास पंतप्रधानांनी, कुठल्याही पक्षाचे असोत, खात्याची अट न घालता उपप्रश्न घ्यावेत, एवढं नियमात बसवणं फार अवघड नाही. आभारप्रस्तावावर पंतप्रधान दीड-दोन तास बोलतात, हा प्रतिवाद मला नेहमी ऐकवला जातो. बोलतात, मान्य. पण ते भाषण असतं. त्यात मध्येच उठून "म्हणजे नक्की कधी?" असं विचारायचा हक्क कुणाला नसतो.

मधू लिमये, नाथ पै यांच्यासारखे आपले खासदार नियमांचं पुस्तक कोळून प्यायलेले होते, त्यांच्यावर पुढे एक वेगळा भाग करू.

तोवर एक करून बघा. संसदेच्या संकेतस्थळावर प्रश्नांचा विभाग आहे. तिथे तुमच्या खासदाराचं नाव टाका. किती प्रश्न विचारले ते दिसेलच. त्यातले तारांकित किती आणि अतारांकित किती, ते वेगळं मोजा आणि मला कळवा.