तिसऱ्या वर्षाचं पान

यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावात ‘बारावीनंतर काय’ ही चर्चा निकाल लागल्यावर सुरू होते. फ्रेंच घ्यायचं असेल तर तोवर निम्मी दारं बंद झालेली असतात. बहुतेक केंद्रीय विद्यापीठांची वाट सीयूईटी परीक्षेतून जाते. ती साधारण मे महिन्यात होते आणि अर्ज त्याच्या काही महिने आधी भरून घेतले जातात. म्हणून गावाकडच्यांना मी सांगत असते, तूर घरात आली की फॉर्मचं बघा, पेरणीपर्यंत थांबू नका.

मी पुण्यात फ्रेंच शिकवते. जानेवारीत गावी गेले की एखादं तरी घर बोलावतंच. यंदा बारावी कला शाखेतली एक मुलगी होती. घरची कोरडवाहू शेती, कापसाची शेवटची वेचणी चाललेली. तिनं मोबाईलवर कॉलेजांची नावं काढून वहीत लिहून ठेवली होती, मोठ्या नावापासून छोट्याकडे. मी ती वही बाजूला ठेवली आणि स्टँडजवळच्या दुकानातून अभ्यासक्रमांच्या प्रिंट काढून आणायला सांगितल्या.

कॉलेज निवडायचं काम माझ्या मते या कागदांवर होतं. लाल पेन घ्यायचा आणि एकेका पेपरसमोर खूण करायची: हा भाषेचा, हा साहित्याचा, हा इतर. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 क्रेडिट असतात. त्यात मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह असे कप्पे. पहिल्या पानावर ‘फ्रेंच’ ठळक छापलेलं असतं, पण खुणा केल्या की कळतं, कुठे फ्रेंच म्हणजे खरोखर रोजचा अभ्यास आहे आणि कुठे आठवड्यातून चार तासांचा एक कोपरा. मुलगी खुणा करत गेली. एका कागदावर लाल खुणा इतक्या कमी पडल्या की तिनंच तो उलटा घातला.

मग तिसरं वर्ष वाचायचं. तिथे नावं दिसली पाहिजेत. मोलिएर, व्होल्तेर, फ्लोबेर, बोदलेर, काम्यू. आणि फ्रान्सबाहेरचे, सेनेगलचे सेंगोर, मार्टिनिकचे एमे सेझेर, अल्जीरियाच्या आसिया जेबार. ही दुसरी रांग नसेल तर मला तो अभ्यासक्रम अर्धा वाटतो. सेझेर उसाच्या मळ्यांच्या बेटावरचे, त्यांची मायदेशी परतण्याची दीर्घ कविता 1939 सालची. झोलाची ‘जर्मिनल’ कादंबरी 1885 ची, उत्तर फ्रान्समधल्या कोळसा खाणकामगारांच्या संपाची. वणीच्या कोळसा खाणी ज्या जिल्ह्यात आहेत, तिथल्या मुलीला ती परकी वाटायचं कारण नाही.

तिच्या वडिलांनी मधेच विचारलं, “पण ताई, फ्रेंच शिकून पोरगी करीन काय?” प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर गोड करून देऊ नये. अनुवाद, शिकवणं, पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांतलं फ्रेंच ग्राहकांचं काम, हे मार्ग आहेत. पण ते नुसत्या पदवीवर उघडत नाहीत. युरोपीय मोजपट्टीच्या ए1 ते सी2 अशा सहा पायऱ्या आहेत; त्यातली चौथी, बी2, तरी हाताशी पाहिजे. तीन वर्षांत ती गाठता येते, रोज तास होत असतील तर.

इथेच महागावच्या मुलांची खरी अडचण येते. पुण्या-मुंबईच्या अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत अकरावी-बारावीला फ्रेंच घेता येतं, आणि गुण चांगले मिळतात म्हणून मुलं ते घेतातही. पुढे बीएला तीच मुलं वर्गात पुढे बसलेली असतात. महागावची मुलगी मराठी-इंग्रजी घेऊन आलेली, तिला अजून वर्णोच्चारही ठाऊक नाही. म्हणून प्रत्येक कॉलेजला विचारायचा पहिला प्रश्न एकच: तुम्ही शून्यापासून शिकवता का?

दिल्लीच्या जेएनयूचं फ्रेंच बीए ऑनर्स शून्यापासून सुरू होतं. हैदराबादच्या इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठातही, म्हणजे ‘एफ्लू’मध्ये, नवख्यांना जागा आहे. 1958 ला इंग्रजीच्या संस्थेपासून सुरुवात झालेलं हे विद्यापीठ 2007 ला केंद्रीय झालं. आणि नकाशा उघडून बघितला तर महागावहून पुण्यापेक्षा हैदराबादच जवळ आहे. नांदेडपर्यंत एसटी, तिथून देवगिरी एक्सप्रेस सिकंदराबादला. “पुणं आपलं, हैदराबाद परकं” असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. पोरीच्या शिक्षणाच्या बाबतीत हा हिशोब मला उलटा दिसतो.

पुणं मी यादीतून काढलं नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या इमारतीत आहे. तिथे सर्टिफिकेट, डिप्लोमा अशा पायऱ्या आहेत आणि पुढे एमए. बीए दुसऱ्या विषयात करून फ्रेंच तिथे वाढवत नेणं हाही रस्ता आहे, फक्त त्याला पुण्यात राहण्याचा खर्च आणि जास्त वर्षं लागतात.

मराठीचं काय, असं मुलीनं हळूच विचारलं. तिला मराठी सोडायची नव्हती. मला तो प्रश्न फार आवडला. झ्यूल ब्लोक या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञानं मराठीच्या जडणघडणीवर लिहिलेला ग्रंथ 1920 च्या सुमारास पॅरिसहून निघाला, वा. गो. परांजपे यांनी तो 1941 मध्ये मराठीत आणला. तुकोबांचे अभंग गी देल्युरी यांनी फ्रेंचमध्ये नेले, ते 1956 ला गालिमार या मोठ्या प्रकाशनानं काढले. दोन्ही बाजूंनी माल ने-आण करणारी माणसं अजून मोजकीच आहेत. दोन्ही भाषा पक्क्या असलेल्या मुलीला तिथे काम आहे.

शेवटी क्रम लागला: हैदराबाद, दिल्ली, मग पुणे. विभागांना फोन तिनं स्वतः करायचे, असं ठरलं. काय विचारायचं ते वहीत लिहून दिलं: पहिल्या वर्षी आठवड्याला फ्रेंचचे तास किती, शिकवणारे कायम आहेत की तासिका तत्त्वावर, मुलींचं वसतिगृह पहिल्या वर्षापासून मिळतं का, आणि तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी बी2 ची परीक्षा देतात का. वडील म्हणाले, वसतिगृहाचं पहिलं विचार. तिनं त्याच्यापुढे एकचा आकडा घातला आणि तासांपुढे दोनचा.